हळदीच्या डब्यामागची बाटली

पुण्यात नोकरी करणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या एका २७ वर्षांच्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची थायरॉईड ग्रंथी जन्मापासूनच जागेवर नाही. लहानपणच्या स्कॅनमध्ये जिभेच्या मुळाशी तिचा एक छोटासा अंश दिसला होता. निदान झाले तेव्हा त्या अडीच महिन्यांच्या होत्या आणि तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी चालू आहे. आता लग्न ठरले आहे, पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. आईचे म्हणणे असे की हे एवढ्यात कुणाला सांगू नये, 'लग्नानंतर बघू'. म्हणून गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यामागे ठेवली जाते आणि पाहुणे घरात असले किंवा मुक्कामाला कुठे जायचे असले की गोळी राहून जाते. गेल्या महिन्यात टीएसएच (थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारा आणि जास्त झाले की उतरणारा आकडा) १९ आला आणि डॉक्टरांनी गोळी १०० वरून १२५ मायक्रोग्रॅम केली. पत्रातले प्रश्न चार आहेत : सासरी सांगावे का, मुलांना हा आजार होईल का, एका नातेवाईकांनी सुचवलेल्या काढ्याने गोळी सुटेल का, आणि अडीच महिन्यांच्या उशिरामुळे आपली बुद्धी कायमची कमी राहिली आहे का.

तुमच्या चार प्रश्नांकडे येण्याआधी, जो प्रश्न तुम्ही विचारलेला नाही त्याचे उत्तर देतो, कारण ते याच आठवड्यात उपयोगी पडणारे आहे. डॉक्टरांनी डोस का वाढवला? कारण त्यांच्यासमोर १९ हा आकडा होता आणि 'गोळी नियमित घेता ना?' या प्रश्नाला तुम्ही मान हलवलीत, असे तुम्हीच लिहिले आहे. मात्र त्याच पत्रात, वेगळ्या परिच्छेदात, दिवाळीत आजोळी गेलेले चार दिवस, मामेबहिणीच्या लग्नाचे तीन दिवस आणि मुलाकडची मंडळी आली तो आठवडा, अशा गोळी न घेतलेल्या दिवसांचीही नोंद आहे. मी मोजले, तर दीड महिन्यात चौदा दिवस भरतात. डोस कमी पडत नव्हता, गोळीच पोटात जात नव्हती. आता १२५ ची गोळी तुम्ही खरोखर रोज घेऊ लागलात, तर दोन महिन्यांनी टीएसएच गरजेपेक्षा खाली जाण्याची शक्यता आहे. मग छातीत धडधड, हाताला कंप, झोप न लागणे हे सगळे लग्नाच्या गडबडीमुळे होत आहे असे तुम्हाला वाटेल, आणि तसेच वर्षानुवर्षे चालले तर हाडेही ठिसूळ होतात. स्वतःच्या मनाने १०० वर परत जाऊ नका. डॉक्टरांना फोन करा आणि चौदा दिवसांचा हिशेब जसा मला लिहिलात तसाच त्यांना सांगा. यात ओशाळण्यासारखे काही नाही; गोळी चुकल्याचे कबूल करणारा रुग्ण डॉक्टरला आवडतोच, कारण त्याच्या रिपोर्टचा अर्थ लावता येतो.

या गोळीतले औषध, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन (थायरॉईड ग्रंथी बनवते त्या थायरॉक्सिन या संप्रेरकाचेच गोळीतले रूप), शरीरात सावकाश खर्च होते. निम्मे संपायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे एखादा दिवस चुकला तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही, आणि इथेच फसगत होते. 'नाही घेतली तरी बरीच आहे की मी' असे वाटून चुकण्याची सवय लागते आणि थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणे, पाळी लांबणे हे सगळे काही आठवड्यांनी, कारण विसरले गेल्यावर, दारात उभे राहते. याच संथपणामुळे डोस बदलल्यानंतर सहा आठवडे थांबूनच टीएसएच तपासायचा असतो. पंधरा दिवसांत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते. सकाळी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा, पोट शक्य तेवढे रिकामे असताना घ्यावी.

एक साधी युक्ती सांगतो. या गोळ्यांची शंभराची बाटली मिळते. नवी बाटली उघडाल त्या दिवसाची तारीख झाकणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. साठाव्या दिवशी आत चाळीसच गोळ्या उरलेल्या दिसल्या पाहिजेत. पंचावन्न दिसल्या, तर टीएसएच काय येणार हे प्रयोगशाळेच्या आधी तुम्हालाच कळेल. आणि ती बाटली हळदीच्या डब्यामागून हलवा. लपवाछपवीचा मुद्दा थोडा बाजूला ठेवला, तरी गॅसच्या ओट्यावरचे फडताळ ही या औषधासाठी घरातली सर्वांत वाईट जागा आहे. उष्णता, वाफ आणि उजेड या तिन्हींनी ते हळूहळू निकामी होते. झोपायच्या खोलीतला बंद खण चांगला.

आता सासरी सांगण्याचा प्रश्न. सांगावे, साखरपुड्याच्या आधी सांगावे, आणि आधी मुलाला सांगावे. तुमच्या आईंची भीती मला कळते. आपल्याकडे 'मुलीला जन्मापासून काहीतरी आहे' हे वाक्य एका घरातून दुसऱ्या घरात जाईपर्यंत त्यातल्या 'काहीतरी'चा डोंगर होतो आणि स्थळ जमवताना आईवडिलांनी किती चपला झिजवल्या असतील हे मी जाणतो. पण गोष्ट न सांगण्याची किंमत तुमचे शरीर आताच मोजते आहे. पाहुण्यांच्या चार दिवसांत गोळी लपवता येत नाही म्हणून ती तुम्ही घेतलीच नाहीत. मग लग्नानंतर, दोन खोल्यांच्या घरात, जिथे तुम्ही कधी उठता, कधी चहा घेता हे सगळ्यांना दिसते, तिथे रोज ती कशी घेणार आहात? तुम्ही लपवत राहाल तोवर गोळी चुकत राहील, आणि ज्या 'नाजूक तब्येतीची' आईंना भीती आहे, ती तब्येत त्या लपवण्यातूनच तयार होईल. शिवाय सहा महिन्यांनी सासूबाईंच्या हाती ती बाटली लागली, तर चर्चा थायरॉईडची होणार नाही, फसवणुकीची होईल.

सांगताना मात्र प्रस्तावना लांबवू नका. 'तुला एक गोष्ट सांगायची आहे, तू रागावणार नाहीस ना' अशी सुरुवात केली की ऐकणाऱ्याचा जीव आधीच टांगणीला लागतो. चालता चालता, चहा घेताना, चष्म्याचा नंबर सांगावा त्या सुरात सांगा : 'माझी थायरॉईडची ग्रंथी जन्मापासून नीट तयार झालेली नाही. ती जे बनवते तेच गोळीतून मी रोज घेते, आयुष्यभर घेणार आहे. सहा महिन्यांनी एकदा रक्त तपासते. बाकी मी ठणठणीत आहे. काही विचारायचे असेल तर माझ्या डॉक्टरांकडे आपण दोघे जाऊ.' एवढे पुरे. त्याच्या घरच्यांना त्यानेच सांगितलेले बरे. बहुतेक घरांत यावर उत्तर येते ते असे की, 'अहो, मावशीलाही थायरॉईड आहे.' मावशीचा आजार मोठेपणी सुरू झालेला असणार आणि त्याचे कारणही तुमच्यापेक्षा वेगळे असणार, परंतु गोळी तीच असते. तो फरक तिथे समजावत बसण्याचे कारण नाही. आणि एवढे ऐकून जर ते लग्न मोडले, तर त्याचे दुःख होईल हे खरे, मात्र असे स्थळ लग्नानंतरच्या पहिल्या दुखण्यातही टिकले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या आईंविषयी थोडे लिहितो, कारण पत्रातली एक ओळ मला चटका लावून गेली. तुमच्या वेळी आठव्या महिन्यात ग्रहण होते आणि त्या दिवशी त्यांनी भाजी चिरली होती, हे त्या अजून बोलून दाखवतात. त्यांना हे वाचून दाखवा : थायरॉईड ग्रंथी गर्भात जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून उतरत गळ्याच्या पुढच्या भागात येते. हा सगळा प्रवास गर्भ सात आठवड्यांचा होईपर्यंत पुरा होतो. तुमची ग्रंथी वाटेत थांबली ती तेव्हाच, जेव्हा आपल्याला दिवस गेले आहेत हे कित्येक स्त्रियांना नुकतेच कळलेले असते. आठव्या महिन्यातल्या विळीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. उलट, गर्भात असताना तुमच्याकडे थायरॉईडचे संप्रेरक फारसे नव्हते, तेव्हा आईचे थायरॉक्सिन वारेतून तुमच्यापर्यंत येत होते आणि त्यावरच तुम्ही वाढलात. म्हणून तर जन्मतः तुमचे वजन तीन किलो भरले आणि कुणाला शंका आली नाही. आईकडून मिळालेला साठा जन्मानंतर ओसरला, आणि मग ती लक्षणे दिसू लागली जी तुमच्या आईंनी सांगितल्याचे तुम्ही लिहिता : कावीळ तीन आठवडे न उतरणे, चार-चार दिवस शी न होणे, बेंबी पुढे आलेली, आवाज घोगरा, दूध पितानाही झोप. आजी म्हणायच्या, 'किती गुणी पोर आहे, रडतच नाही.' ही दाद मी दवाखान्यात अनेकदा ऐकली आहे आणि ती ऐकली की आजही माझे कान टवकारतात.

यातूनच बुद्धीविषयीच्या तुमच्या प्रश्नाकडे येतो. तो टाळण्यासारखा नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ या संप्रेरकावर फार अवलंबून असते. पहिल्या दोन आठवड्यांत, योग्य डोसने उपचार सुरू झाले तर बहुतेक मुलांची वाढ भावंडांसारखीच होते; उशीर होत गेला तसतसे नुकसान वाढते आणि ते नंतरच्या गोळ्यांनी पुरते भरून येत नाही. तुमचे निदान अडीच महिन्यांवर झाले, म्हणजे उशीर झाला हे खरे आहे. परंतु तुमच्या ग्रंथीचा थोडा अंश काम करत होता आणि ज्या बाळांत तो मुळीच नसतो त्यांच्यापेक्षा तुमची स्थिती बरी होती. 'गणितात मी कायम मागे होते' एवढ्यावरून उत्तर काढता येणार नाही. थायरॉईड उत्तम असलेली निम्मी मुले गणितात मागे असतात. तुम्ही वाणिज्य शाखेची पदवी घेतलीत, स्पर्धा परीक्षा देऊन बँकेत लागलात आणि मला पाच पानी मुद्देसूद पत्र लिहिलेत. जे मोजता येणार नाही त्याचे ओझे वाहू नका. एक गोष्ट मात्र मोजता येते आणि ती राहून गेली असावी : जन्मजात थायरॉईडच्या रुग्णांत ऐकू कमी येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. फोनवर पलीकडचे बोलणे नीट कळत नाही, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. कानाची ऑडिओमेट्री एकदा करून घ्या.

काढ्याबद्दल थोडक्यात. तुमची ग्रंथी आळसावलेली नाही, ती मुळात पुरती तयारच झाली नाही. न घडलेल्या ग्रंथीला कुठलाही काढा, गुग्गुळ, प्राणायाम किंवा आयोडीनचे मीठ जागे करू शकत नाही. योगासने करा, ती चांगलीच आहेत, फक्त ती गोळीच्या जागी नकोत. कोबी-फ्लॉवर सोडण्याचीही गरज नाही, कारण त्यांचा जो काही परिणाम होतो तो ग्रंथीच्या कामावर होतो आणि तुमचे थायरॉक्सिन बाटलीतून येते. 'आयुष्यभर गोळी' या शब्दांनी दडपण येत असेल तर एक जुनी हकिगत ऐका. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी थायरॉईड जवळपास बंद पडलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पाहिला. बाई सुधारल्या आणि पुढे तोच अर्क पोटात घेत २८ वर्षे जगल्या; त्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. तुम्हाला सकाळी एक चिमुकली गोळी आणि अर्धा पेला पाणी लागते.

ती गोळी मात्र पाण्याबरोबरच, आणि चहाच्या किमान अर्धा तास, शक्यतो तासभर आधी. नव्या घरातल्या सकाळी हे जमणार नाही असे वाटले, तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तास गेल्यावर घेण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारा. तो तितकाच चालतो आणि कित्येक नव्या सुनांना सोयीचा पडतो. हरतालिकेच्या निर्जळी उपवासालाही घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी, आणि लग्नाच्या दिवशी बाटली करवलीच्या पर्समध्ये असावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचे अंतर हवे, नाहीतर त्या थायरॉक्सिनला आतड्यातच अडवून ठेवतात. लग्नाआधी केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, असे तुम्ही लिहिता. बायोटिनने ग्रंथीचे काही बिघडत नाही, पण रक्ततपासणीची यंत्रणा फसते : टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर (म्हणजे रक्तातले थायरॉक्सिन) खोटा जास्त दिसू शकतो, आणि मग कुणी डोस विनाकारण कमी करतो. तपासणीआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवा आणि प्रयोगशाळेतही सांगा.

राहिला मुलांचा प्रश्न. ग्रंथी जागेवर नसणे किंवा पुरती न घडणे या प्रकारात, म्हणजे तुमच्या प्रकारात, बहुतेक वेळा घराण्यात दुसरा कुणीही रुग्ण नसतो. कुटुंबात पुन्हा आढळण्याचे प्रमाण शंभरात दोन-चारच्या आसपास आहे. दुसरा एक प्रकार असतो ज्यात ग्रंथी जागेवर असते पण संप्रेरक बनवण्याच्या साखळीतली एखादी कडी अधू असते. तो आईवडील दोघांकडून आलेल्या दोषामुळे होतो आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात त्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याच्या प्रथेत तो प्रकार जास्त दिसतो. तुमचा प्रकार तो नाही, आणि मुलगा नात्यातला नाही असेही तुम्ही लिहिले आहे. उपचार चालू असताना मूल राहण्यात या आजाराची अडचण येत नाही. अडचण येते ती टीएसएच वाढलेला राहिला तर.

म्हणूनच मुलांच्या बाबतीत मला काळजी वाटते ती आनुवंशिकतेची नाही, पुन्हा त्या हळदीच्या डब्याचीच. गर्भाची स्वतःची ग्रंथी सुरुवातीचे तीन महिने जवळपास काहीच बनवत नाही. त्या काळात बाळाच्या मेंदूला लागणारे थायरॉक्सिन आईच्या रक्तातूनच येते, आणि तुमच्या रक्तात ते गोळीतून येते. त्यामुळे मूल हवे असे ठरवाल तेव्हा आधी टीएसएच २.५ च्या खाली आणा आणि मगच पुढे जा. गर्भारपणात गरज साधारण पाव ते निम्म्याने वाढते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. पाळी चुकून तपासणी होकारार्थी आली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तो फोन लागेपर्यंत काय करायचे हे आधीच ठरवून घ्या. अनेक डॉक्टर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सुरू करायला सांगून ठेवतात. त्यानंतर पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. गर्भारपणात लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू होतील, तेव्हा चार तासांचे ते अंतर आठवा. बाळंतपणानंतर डोस पूर्वीवर येतो, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचा, आणि अंगावर पाजताना गोळी बिनदिक्कत घ्यायची.

आणि बाळाची टाचेच्या रक्ताची चाचणी. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९७० च्या दशकात ज्याँ द्युसो यांनी टिपकागदावरच्या रक्ताच्या थेंबावरून नवजात बाळाचा हा आजार ओळखण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे अनेक देशांत ती प्रत्येक बाळाची होऊ लागली. गोव्याने २००८ मध्ये राज्य पातळीवर नवजात तपासणी सुरू केली होती. आपल्याकडे ती अजून प्रत्येक प्रसूतिगृहात आपोआप होत नाही. भारतात साधारण हजार-बाराशे जन्मांमागे एका बाळात हा आजार आढळतो, हे पाहता व्हायला हवी, असे मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. तुमच्या बाळाची ती मागून करून घ्या, तिसऱ्या दिवशी, म्हणजे ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान. पहिल्या चोवीस तासांत प्रत्येक बाळाचा टीएसएच जन्माच्या धक्क्याने उसळलेला असतो आणि विनाकारण घबराट होते. रक्त घेतले म्हणजे काम झाले असे समजू नका. रिपोर्टचा कागद हातात घेऊन वाचा, आणि घरात कुणी 'किती शांत बाळ आहे, रडतच नाही' असे कौतुकाने म्हणाले, तर तो कागद मिळाला आहे ना, हे त्याच दिवशी पुन्हा बघा.